पडल्यानंतरचे हसू आणि निरीक्षण कक्षातील खाट



प्रतिवर्षी या अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती देण्याचा आपला प्रघात आहे. यंदाच्या विषयाचे निमित्त विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाले. अपघात विभागालगतच्या निरीक्षण कक्षाच्या खर्चाचा तक्ता समोर असताना एका विश्वस्तांनी विचारले, ‘‘या खाटांवर हसतखेळत बोलणारी, चहा मागवणारी माणसे दिसतात. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला चोवीस तास ठेवून घेण्यावर देणगीदारांचा पैसा का खर्च करावा?’’ प्रश्न रास्त होता. आम्ही वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि हिशेबाची माणसे. म्हणूनच आमच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन या प्रश्नाचे सविस्तर उत्तर येथे देत आहोत.

आपले रुग्णालय घाटाच्या पायथ्याशी आहे. गेल्या काही वर्षांत रविवारी पहाटे गिअरच्या सायकलींवरून डोंगरवाटा चढणाऱ्या तरुणांची, आणि पन्नाशी ओलांडलेल्या हौशी मंडळींचीही, संख्या वाढली आहे. व्यायामाची ही आवड स्वागतार्हच आहे. तथापि पावसाळ्यात शेवाळलेले दगड, सुटा मुरूम आणि अचानक येणारी वळणे यांमुळे पडझडही होते. पडलेला माणूस बहुधा हसत उठतो. आमच्या डॉक्टरांना चिंता वाटते ती या हसण्याची.

खेळाचा जन्मच पडण्यातून

डोंगरी सायकलस्वारीचा हा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरिन परगण्यात नावारूपास आला. जाड टायरच्या जुन्या सायकली दुरुस्त करून तेथील तरुण डोंगरावरून वेगाने खाली उतरत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी कच्च्या रस्त्याच्या एका तीव्र उतारावर पहिली शर्यत घेतली. अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर आणि उतरण सुमारे ४०० मीटर. एवढ्या उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतील वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पहिल्या शर्यतीत एकच स्पर्धक न पडता खाली पोहोचला आणि तोच विजयी ठरला, असे सांगितले जाते. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सायकल घडविली. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, पडणे हा या खेळातील अपवाद नव्हे. तो त्याचा भागच आहे. त्यामुळे पडल्यावर हसून उठणे ही या खेळाची रीत झाली. खरचटलेले कोपर मित्रांना दाखविले जाते, वाकलेल्या चाकाचे छायाचित्र काढले जाते, गमतीच्या चार गोष्टी होतात. या हसण्यात धैर्य आहे, मैत्री आहे, आणि ते आम्हांस नापसंत नाही. परंतु हसू हा तब्येतीचा दाखला नव्हे.

वेदना उशिरा का येते?

१९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, इटलीतील अँझिओ येथील आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञांना एक विलक्षण गोष्ट आढळली. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषध नको होते. जखमा मोठ्या होत्या. पण रणांगणातून जिवंत सुटल्याच्या भावनेपुढे वेदना मागे पडली होती. बीचर यांचा निष्कर्ष असा की, जखम केवढी आहे यावरून वेदना किती होईल हे ठरत नाही. त्या क्षणी जखमेचा अर्थ माणसाला काय वाटतो, यावरही ते अवलंबून असते.

घाटात पडलेल्या सायकलस्वाराचे असेच होते. भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते आणि शरीरातील वेदनाशामक द्रव्ये काही काळ दुखणे झाकून ठेवतात. त्यात ‘वाचलो’ हा आनंद आणि सोबत्यांसमोर हसे होऊ नये ही इच्छा यांची भर पडते. अशा वेळी ‘‘मला काही झाले नाही’’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते.

आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर, ज्या रकमेचा निर्णय झालेला नाही ती आपण उचंत खात्यात टाकतो. पडल्यानंतरचे पहिले काही तास हे शरीराचे उचंत खाते होय. तेवढ्यात हिशेब पूर्ण झाला असे समजणे धोक्याचे असते.

हसण्याआड लपणाऱ्या दुखापती

पहिली, डोक्याची. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. तेथे मार लागून ती फाटल्यास कवटी आणि मेंदूवरील आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. आरंभी रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, विनोदही करतो. साचलेल्या रक्ताचा मेंदूवर दाब वाढला की डोकेदुखी, उलटी, गुंगी आणि अखेर बेशुद्धी येते. मधला शांत काळ काही मिनिटांचा असू शकतो, तसाच काही तासांचाही.

याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण सायकलचे नसून बर्फावरील स्कीइंगचे आहे. पण आघाताचा नियम तोच. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन १६ मार्च २००९ रोजी कॅनडातील माँट ट्रेंब्लांट येथे नवशिक्यांच्या उतारावर पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या उठल्या, हसून बोलल्या, आणि आलेली रुग्णवाहिका परत पाठविण्यात आली. काही तासांतच डोकेदुखी सुरू झाली, प्रकृती वेगाने ढासळली आणि १८ मार्च रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या अवघ्या ४५ वर्षांच्या होत्या.

दुसरी, पोटाची. सायकल आडवी होताना हँडलचे टोक पोटात घुसते. वरून नाण्याएवढा लालसर वण दिसतो. आत मात्र प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतड्यास इजा झालेली असू शकते. प्लीहेला झालेल्या इजेतून होणारा मोठा रक्तस्राव काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही उद्भवतो. मार पोटाला असूनही डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखू लागणे हे त्याचे एक लक्षण आहे.

तिसरी, मनगटाची. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे टेकतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात नावेच्या आकाराचे एक लहान हाड असते. त्याचा अस्थिभंग पहिल्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही. म्हणून तेथे दाबल्यावर दुखत असल्यास आधार देऊन सुमारे १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र काढतात. या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने उपचार चुकल्यास ते जुळत नाही आणि मनगट कायमचे दुखरे होते.

चौथी, साध्या खरचटण्याची. माती व शेण यांत धनुर्वाताचे जंतू असतात. मळकट जखम स्वच्छ धुणे आणि धनुर्वातप्रतिबंधक लशीची शेवटची मात्रा केव्हा घेतली हे पाहणे आवश्यक असते. अशा जखमेत पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास पुन्हा मात्रा देतात.

दोन हसणारे रुग्ण

अहवाल वर्षातील एका पावसाळी रविवारी तीन सायकलस्वार अपघात विभागात आले. त्यांतील एकाचे कोपर सोलवटले होते. ‘‘डॉक्टर, पट्टी तेवढी बांधून द्या, घाट अजून निम्मा राहिलाय,’’ असे तो हसत म्हणाला. ड्यूटीवरील डॉक्टरांनी सदरा वर करावयास सांगितले, तेव्हा डाव्या बरगड्यांखाली हँडलचा गोल वण दिसला. त्यांनी त्याला निरीक्षण कक्षात ठेवले. दुपारपर्यंत तो परिचारिकांशी थट्टामस्करी करीत होता आणि घरी जाऊ देण्याविषयी हुज्जत घालीत होता. सायंकाळी त्याने डावा खांदा दुखतो म्हणून सांगितले. नाडीही वाढली होती. सोनोग्राफी व सी.टी. स्कॅनमध्ये प्लीहा फाटल्याचे दिसले. अतिदक्षता विभागात काळजीपूर्वक उपचार झाले, शस्त्रक्रिया टळली आणि काही दिवसांनी तो घरी गेला. निरोप घेताना त्याच्या आई म्हणाल्या, ‘‘त्याला जाऊ दिले असते तर त्या वेळी तो घाटात एकटा असता.’’

दुसरा रुग्ण हौसेने सायकल चालविणारा नव्हता. त्याच डोंगरवाटेने साध्या सायकलवर दुधाचे कॅन खाली आणणारा हा गृहस्थ घसरून हातावर पडला होता. ‘‘हात हलतोय की सायेब, मग काय झालंय!’’ असे म्हणून तोही हसला. क्ष-किरण चित्र निर्दोष आले. दहा दिवसांनी पुन्हा येण्यास सांगितले होते. तो आला नाही. सुमारे चार महिन्यांनी आला, तेव्हा मनगटातील ते लहान हाड जुळलेच नव्हते आणि कॅन उचलणे त्यास अशक्य झाले होते.

या दोन हसण्यांत अंतर आहे. पहिला अभिमानाने हसला. दुसरा, एक दिवसाचा रोजगार बुडू नये म्हणून. पहिल्याची काळजी आम्ही घेतली. दुसऱ्यास कागदावर तारीख लिहून दिली आणि आपले काम झाले असे मानले. ही उणीव आमची होती, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. आता अशा प्रत्येक रुग्णास आमच्या समाजसेवा विभागातून आठवणीचा दूरध्वनी केला जातो. पुन्हा तपासणीचा खर्च परवडत नसलेल्यास तो निर्धन रुग्ण निधीतून मिळण्यासाठी हाच विभाग कागदपत्रे करून देतो.

सोबत्यांनी व घरच्यांनी काय करावे?

पडलेल्या माणसाच्या उत्तरावर विसंबू नये. निरीक्षण आपण करावे. मानेत दुखत असल्यास किंवा हातपाय बधिर वाटत असल्यास त्यास हलवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारीत असेल, उलटी करीत असेल किंवा डोकेदुखी वाढत असेल, तर विनाविलंब रुग्णालयात आणावे. डोक्याला मार लागलेल्याने त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. त्यास एकट्याने घरी पाठवू नये आणि रात्री कोणी तरी जवळ थांबावे. मद्य वर्ज्य करावे. डॉक्टरांना विचारल्याविना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटावर वण असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. हेल्मेट अवश्य वापरावे. मात्र एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. त्याच्या आतील फोम एकदा दबला की पुन्हा तसे संरक्षण देत नाही.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे वळतो. निरीक्षण कक्षातील खाटेवर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. दर काही वेळाने परिचारिका नाडी, रक्तदाब आणि शुद्धी तपासते, नोंद करते, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण चालत घरी जातो. हिशेबाच्या वहीत हा खर्च निष्फळ दिसतो. परंतु विम्याचा हप्ता भरूनही वर्षभरात घराला आग लागली नाही, म्हणून तो वाया गेला असे आपण म्हणत नाही. ज्याला स्वतःचे दुखणे अजून कळलेले नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी जागे राहणे, हेच या खाटेचे काम आहे. दूध घालणाऱ्या गृहस्थासारख्या रुग्णाला तर असे जागे राहणे विकत घेणे शक्य नसते. ते आपल्या देणगीतूनच उभे राहते.

म्हणून पुढील वेळी आपण रुग्णालयास भेट द्याल आणि निरीक्षण कक्षात कोणी हसत चहा पीत बसलेला दिसेल, तेव्हा आपली देणगी वाया जात आहे असे कृपया समजू नये. तो हसतच घरी जावा, यासाठीच ती खाट आहे.