नदी सरकली, गाव राहिलं : वाइक बाय ड्यूरस्टेडे
(या भागाचं शब्दांकन)

आज आपण नेदरलँड्समधल्या एका छोट्या नगरपालिकेत जाणार आहोत. नाव जरा लांबलचक आहे, वाइक बाय ड्यूरस्टेडे. उट्रेख्त शहराच्या आग्नेयेला साधारण २० किलोमीटरवर. सगळी मिळून वस्ती चोवीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

आधी भूगोल सांगतो, कारण इथला सगळा इतिहास त्यातूनच निघालाय. ऱ्हाईन नदी पूर्वेकडून इथे येते तेव्हा तिचं नाव असतं नेदरऱ्हाईन. गाव ओलांडलं की तीच नदी 'लेक' म्हणून ओळखली जाते. पाणी तेच, पात्र तेच, मग नाव का बदलतं? तर इथून उत्तरेला एक बारीक फाटा निघतो. त्याचं नाव क्रोम्मे राईन, म्हणजे वाकडी ऱ्हाईन. आज तो ओढ्यासारखा दिसतो, पण एकेकाळी ऱ्हाईनचा महत्त्वाचा प्रवाह तोच होता.

त्याच फाट्यावर सातव्या ते नवव्या शतकात डोरेस्टाड हे बंदर होतं, उत्तर युरोपातल्या मोठ्या व्यापारी पेठांपैकी एक. जर्मनीकडून दारू, काचेची भांडी, जात्याचे दगड यायचे आणि पुढे इंग्लंड-स्कँडिनेव्हियाकडे जायचे. इथे नाणीही पाडली जायची. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथल्या विहिरी. दारूची रिकामी लाकडी पिंपं जमिनीत उभी पुरून त्यांनी विहिरी बांधल्या! अशाच एका जुन्या विहिरीत १९६९ साली सोन्याचा नक्षीदार ब्रोच सापडला. तो आज लायडेनच्या संग्रहालयात आहे.

मग हे बंदर बुडालं कसं? पटकन उत्तर येतं, व्हायकिंगांनी लुटलं. खरंय, ८३४ पासून लागोपाठ चार वर्षं धाडी पडल्या, नंतरही पडत राहिल्या. पण नदीही हळूहळू पूर्वेकडे सरकत होती. पाणी लांब गेलं की लोक लाकडी धक्का आणखी पुढे वाढवायचे. पुन्हा पाणी सरकलं, पुन्हा धक्का वाढवला. उत्खननात हे लांबच लांब धक्के सापडलेत. त्यात फाटा गाळानं भरत गेला. लुटलेलं बंदर परत उभं राहू शकतं हो, पण पाणीच नसेल तर जहाज येणार कुठून?

शेवटी ११२२ च्या सुमारास क्रोम्मे राईनच्या तोंडाशी बांध घातला गेला. त्यामुळे शेजारच्या लांगब्रूकची दलदल निचरा करून शेतीखाली आणता आली. पण उट्रेख्तची थेट जलवाट तुटली, आणि त्या शहराला लेकपर्यंत नवा कालवा खणावा लागला. एकाची शेती पिकली, दुसऱ्याची वाट गेली. पाण्याचे निर्णय असेच असतात.

वाइकला १३०० मध्ये शहराचा दर्जा मिळाला. तिथल्या जुन्या वेशीवर आजही पवनचक्की उभी आहे. रॉइसडालच्या प्रसिद्ध चित्रातली चक्की हीच, असं बरेच जण समजतात. पण ती वेगळी होती, आणि आता राहिलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इथून पश्चिमेला जमीन उतरत जाते. त्यामुळे लेकचा उत्तरेकडचा बांध फुटला, तर पाणी फक्त या गावात थांबणार नाही, उट्रेख्त आणि त्यापलीकडच्या दाट वस्तीपर्यंत पोचेल. १९९५ च्या पुरात नेदरलँड्सच्या नदीखोऱ्यातून सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं होतं. तेव्हा मोठे बांध टिकले. पण त्या भरवशावर कुणी बसून राहिलं नाही. आमरोंगेन ते स्कोनहोव्हेन हा ५५ किलोमीटरचा लेकचा बांध टप्प्याटप्प्यानं मजबूत करायचं काम हाती घेतलंय, आणि वाइक त्याच पट्ट्यात येतं.

म्हणजे बघा, हजार-बाराशे वर्षांपूर्वी इथले लोक पाण्याच्या मागे धावत धक्के वाढवत होते. आज तेच पाणी आत येऊ नये म्हणून बांध भक्कम करतायत. नदीकाठी राहायचं, तर हे काम कधी संपत नाही.

आज इथेच थांबतो. तुमच्या गावची नदी कधी सरकली असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!