किल्ली कोणाकडे?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी धारला घरी गेले आणि तिसऱ्याच दिवशी आजी अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. पुढचे अकरा दिवस मी तिच्यासोबत दवाखान्यात होते. ऑपरेशनच्या आधी एक वॉर्ड, नंतर दुसरा. दोन वॉर्ड, दोन इन्चार्ज सिस्टर.

पहिल्या सिस्टर कडक. चादरीची सुरकुतीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली कायम त्यांच्याच खिशात. वॉर्ड अगदी लख्ख. पण रविवारी त्यांची सुट्टी होती. आजी दुखण्याने कळवळत होती, इंजेक्शन कपाटात आणि किल्ली सिस्टरांच्या घरी! ड्युटीवरच्या मुलीला त्यांना फोन करायचंही धाडस होईना. इंजेक्शन मिळायला दीड तास गेला.

दुसऱ्या सिस्टर म्हणजे सगळ्यांची दीदी. ड्युटी चार्ट लावताना प्रत्येकीची अडचण विचारायच्या. आजी त्यांच्यावर खूश. पण त्यांच्या वॉर्डात पाळी बदलताना निरोप तोंडीच दिले जायचे. एका रात्री आठ वाजता आजीला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिलं गेलं आणि नोंद करायची राहिली. नऊनंतर रात्रपाळीची नर्स तेच इंजेक्शन भरून घेऊन आली. मी म्हटलं, "दीदी, हे मघाशीच दिलंय." तिचा हात थबकला. मला झोप लागली असती तर? हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

सुट्टी संपवून कॉलेजला परतले, तेव्हा याबद्दल थोडं वाचलं. कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातून नेतृत्वाच्या तीन पद्धती पुढे आल्या: हुकूमशाही, लोकशाही आणि 'तुमचं तुम्ही बघा' अशी मोकळीक. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आजही त्या शिकवतात. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे: हुकूमशाही गटाचा नेता खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, लोकशाही गटातली मुलं मात्र काम पुढे चालू ठेवायची.

फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी हीच गोष्ट त्याच्या ८० वर्षं आधी, १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात मांडली होती. आपण हजर असताना जे होतं, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणं, हाच त्यांच्या मते प्रमुखपणाचा कस. म्हणजे व्यवस्थापन आणि नेतृत्व ही दोन वेगळी कामं आहेत. औषधांचा साठा, ड्युटी चार्ट, नोंदी, पाळीचा ताबा हे व्यवस्थापन. हाताखालच्या मुलीला निर्णय घ्यायचं बळ देणं आणि चूक सांगायची भीती घालवणं, हे नेतृत्व. पहिल्या वॉर्डात दुसरं नव्हतं, दुसऱ्यात पहिलं.

मग हुकूम देणं वाईटच का? तसंही नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या आणि वॉर्डात २० गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी दरवाजे लावून घेतले आणि सगळ्यांना आतल्या पॅन्ट्रीत हलवलं. त्याच रात्री एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोहोचवलं. तिथे चर्चा करत बसायला वेळ कुठे होता? डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी हा अनुभव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर सांगितला. संकटात एकीनेच ठरवावं लागतं. पण रोजचा दिवस काही संकटाचा नसतो, आणि कडक माणसं नेमकं हेच विसरतात.

आता त्या रात्रीनंतरचं सांगते. सकाळी दीदी आल्या. मला वाटलं, त्या मुलीची आता काही खैर नाही. पण त्यांनी "कोणी केलं?" असं विचारलंच नाही, "कसं झालं?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. मी तोंडी निरोपावर वॉर्ड चालवत होते." त्या दिवसापासून पाळीचा ताबा प्रत्येक खाटेपाशी उभं राहून, कागद हातात घेऊन दिला जाऊ लागला. इंजेक्शन दिलं की तिथल्या तिथे सही. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, पण दीदी स्वतः प्रत्येक खाटेपाशी उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या. संध्याकाळी मी मुद्दाम बघितलं: दोघीजणी कागद घेऊन आजीच्या खाटेपाशी आल्याच!

आजी आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. परवा फोनवर तिला विचारलं, "आजी, तुला कोणती सिस्टर चांगली वाटली?" ती म्हणाली, "अगं, मला काय कळतंय त्यातलं? पण दुसरीकडे मला रात्री झोप लागायची."