होडी लेकीची, धाकधूक आईची

‘‘आई, डिसेंबरात सुट्टी घेतेय. आम्ही चौघी मालवणहून तेरेखोलपर्यंत समुद्रातून कयाकने जाणार आहोत. चार दिवस!’’ पुण्याहून लेकीचा फोन आला आणि माझ्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं.

आम्ही जळगाव जामोदची माणसं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. खारं पाणी म्हणजे आमच्यासाठी खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं! समुद्र मी पाहिला तो साडी सावरत, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून. ‘नको गं बाई’ म्हणणं अगदी सोपं होतं. पण नकार द्यायचा तर निदान समजून तरी घेऊ, म्हणून वही-पेन घेऊन बसले.

आधी धीर देणाऱ्या गोष्टी सापडल्या. आइस्क्रीमचं दुकान चालवणाऱ्या, एका मुलाची आई असलेल्या फ्रेया हॉफमाइस्टर या जर्मन बाईंनी 2009 मध्ये कयाकने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला फेरी मारली. 332 दिवस लागले. आपल्या मुंबईचा कौस्तुभ खाडे 2015-16 मध्ये द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत वल्हवत गेला आणि शांजली शाही किनाऱ्याने सायकलवरून त्याच्या सोबत राहिली. म्हणजे हा नुसता वेडेपणा नाही. पण त्यामागे तयारी असते. मग मी लेकीला तीन प्रश्न विचारले.

होडी तुझ्या मापाची आहे का?

पर्यटकांना खाडीत फिरवतात त्या कयाक आखूड नि रुंद असतात. लांबच्या प्रवासाची समुद्री कयाक साधारण 16 ते 18 फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद. लांब होडी सरळ धावते, कमी श्रमात पुढे जाते. आत पुढे-मागे आडव्या भिंती घालून हवाबंद कप्पे केलेले असतात. त्यात सामान राहतं आणि मधे पाणी शिरलं तरी होडी तरंगते. हे कप्पे नसतील तर ती होडी समुद्रासाठी नाहीच. प्लास्टिकची होडी जड, पण खडकावर घासली तरी सोसते. फायबरची हलकी, मात्र जपावी लागते.

आणि मैत्रिणींनो, खरी मेख मापात आहे. बऱ्याच कयाक पुरुषांच्या अंगयष्टीच्या हिशेबाने बनतात. कमरेला सैल, मांड्यांना आधार नाही, अशी होडी आपल्या ताब्यात राहत नाही. हलक्या बाईला मोठी होडी दिली तर ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत नेतो. ब्लाउज जसा अंगावर घालून बघतो, तशी होडी आत बसून, वल्हवून बघायची. जड सामान, विशेषतः पिण्याचं पाणी, मधोमध आणि तळाशी. दोन्ही बाजूंना वजन सारखं.

उलटली तर?

वल्हवायचं ते दंडांनी नव्हे, कमरेतून. जात्यावर दळताना सगळं अंग फिरतं ना, तसं. नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदे धरतात. पण वल्हवण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते उलटल्यावर बाहेर येणं. कमरेभोवतीचं कापडी आच्छादन, म्हणजे स्प्रे स्कर्ट, पुढचा पट्टा ओढून सोडवायचं, बाहेर यायचं, होडी नि वल्हं सोडायचं नाही आणि पुन्हा आत चढायचं.

‘‘हे तू स्वतः केलंयस?’’ मी विचारलं. पलीकडे शांतता. मग हळूच, ‘‘व्हिडिओत पाहिलंय.’’

‘‘मग डिसेंबर रद्द. आधी शिक, मग जा.’’

चिडली, दोन दिवस बोलली नाही. पण शिकली. आधी उथळ पाण्यात, मग प्रशिक्षकाबरोबर समुद्रात, जमेपर्यंत.

हवा फिरली तर?

आपल्याकडे पाऊसपाण्याचं भाकीत म्हटलं की भेंडवळची घटमांडणी आठवते. समुद्रावर मात्र रोज सकाळी अंदाज बघावा लागतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते. हिवाळ्यात कोकणात पहाटे समुद्र बहुधा शांत असतो, दुपारनंतर वारा चढतो. म्हणून उजाडताच निघायचं, दुपारपर्यंत किनारा गाठायचा. तासाला पाचेक किलोमीटर वेग धरला तरी दिवसाचे पंधरा-वीस किलोमीटर सहज होतात. पावसाळ्यात अर्थातच नाव काढायचं नाही.

शेवटी ती फेब्रुवारीत गेली. बरोबर तीन मैत्रिणी आणि एक अनुभवी वाटाड्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘‘आई, वेंगुर्ल्याच्या अलीकडेच थांबलोय. वारा वाढला, म्हणून आज पुढे गेलो नाही.’’

त्या रात्री मी निवांत झोपले. थांबायचं कधी हे लेकीला कळलं होतं. आता तिने कुठेही जावं!

हे विसरू नका
- लाइफ जॅकेट होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं.
- शिट्टी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीतला मोबाईल अंगावरच हवा.
- जादा वल्हं आणि पाणी उपसायचा पंप बरोबर घ्या.
- जाण्याचा मार्ग घरी नि किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवा.
- समुद्रातल्या संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.