फटफटीवरून गोव्यास : कॅसिनोच्या हॉटेलाची निवड

हिंदमात्याच्या चौकांतून मोटारसायकल काढून गोव्याची वाट धरणारे तरुण आतां पुष्कळ झाले आहेत. त्यांपैकीं कित्येकांस समुद्राइतकेंच पणजीच्या कॅसिनोंचें आकर्षण असतें. महाराष्ट्रांत ती सोय नाहीं. कॅसिनोंचें नियंत्रण करून त्यांवर कर बसविणारा कायदा येथें 1976 सालीं झाला. परंतु तो कधींच अंमलांत आला नाहीं, आणि 2023 सालीं रद्दही झाला. अर्थात् ही हौस गोव्यांतच फेडावयाची. तेथें उतरावें कोठें, हा प्रश्न मात्र वाटतो तितका किरकोळ नव्हे. रात्रीच्या खेळांतील चूक इतर प्रवाशांच्या खिशास भोंवते. फटफटीवाल्याच्या ती जिवावर बेतूं शकते.

प्रथम ‘कॅसिनो-हॉटेल’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. गोव्याच्या कायद्यानें जमिनीवरील पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस परवानगी दिली आहे. प्रत्यक्ष माणसानें पत्ते वांटावयाचीं टेबलें जहाजांवर. हीं जहाजें पणजीसमोर मांडवी नदींत नांगरलेलीं असतात व तेथें धक्क्यावरून लहान होडीनें जावें लागतें. म्हणून हॉटेलाच्या जाहिरातींत कॅसिनोचें नांव दिसलें, तरी तेथें केवळ यंत्रें आहेत कीं जहाजाच्या तिकिटाची व्यवस्था आहे, हें आधीं विचारावें. वयाचीं 21 वर्षें पुरीं नसणारास कॅसिनोंत प्रवेश नाहीं. तेव्हां ओळखपत्र जवळ असावें.

दुसरा विचार अंतराचा. दुचाकीस मुंबईचा अटल सेतु बंद आहे; म्हणून शीव-पनवेल मार्गानें पनवेल गांठून पुढें राष्ट्रीय महामार्ग 66 धरावा लागतो. पणजी सुमारें 600 किलोमीटर. वाटेंत घाट, वळणें आणि अवजड वाहनें. इतकें अंतर एका दमांत तोडणाऱ्या माणसाचे हात रात्रीं हँडल सोडल्यावरही थरथरत असतात, आणि शिणलेली बुद्धि हिशेबांत चुकते. म्हणून चिपळूण किंवा सावंतवाडीस मुक्काम करावा. निदान पहिली रात्र झोंपेस द्यावी व खेळ दुसऱ्या रात्रीं पाहावा.

आतां प्रत्यक्ष निवड. हॉटेल पणजी शहरांत, धक्क्यापासून पायीं जातां येईल अशा अंतरावर असावें. नदीपलीकडे पर्वरीस किंवा दूर कळंगुटास खोली स्वस्त मिळेलही. पण मग मध्यरात्रीं मांडवीचा पूल ओलांडणें आलें. कॅसिनोच्या प्रवेशमूल्यांत बहुधा जेवणाबरोबर मद्यही धरलेलें असतें. ‘पैसे दिलेच आहेत’ या विचारानें एरवीं न पिणाराही पेला उचलतो. शंभर मिलिलिटर रक्तांत 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या अपराधास सहा महिनेपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्यानें सांगितल्या आहेत. चारचाकीवाला भाड्याचा चालक तरी ठेवूं शकतो. दुचाकीवाल्यास तो उपाय सहसा नाहीं. पायीं परतण्याची सोय हाच त्याचा उपाय.

तिसरी गोष्ट वाहनाच्या निवाऱ्याची. खोली पाहण्यापूर्वीं ती जागा पाहावी. ती आवाराच्या आंत, पहारेकऱ्याच्या नजरेंत आणि छपराखालीं असावी. जमीन सपाट व टणक हवी. भुसभुशीत मातींत स्टँड रुतून गाडी आडवी होते. पावसाळ्यांत तळघराचा मोह धरूं नये. सखल जागीं पाणी कसें चढतें आणि तें सायलेन्सरांत व इंजिनांत शिरल्यावर काय होतें, हें हिंदमात्याच्या रहिवाशास निराळें सांगणें नलगे. हेल्मेट, ओला अंगरखा व सामान ठेवावयास खोलींत जागा आहे ना, आणि खोली उशिरां सोडूं देतात ना, हेंही विचारून घ्यावें. कारण दोन वाजतां निजणारानें सहा वाजतां परतीच्या वाटेस लागणें म्हणजे झोंपेंतच गाडी हांकणें होय.

शेवटीं ‘स्वस्त’ खोलीचा हिशेब. खोली, जेवण आणि खेळाच्या चकत्या यांची एकत्र योजना पुढें केल्यास प्रत्येकाची किंमत वेगळी मागावी. एका शून्याच्या रूलेट चक्रांत 37 घरें असतात. प्रत्येक घरावर 100 रुपये लावले, तर 3,700 गुंततात. जिंकणाऱ्या घराचे मूळ रकमेसह 3,600 परत येतात. म्हणजे कांहीं झालें तरी शंभर गेले : शेंकडा 2.70. दोन शून्यांच्या चक्रांत हीच तूट शेंकडा 5.26 होते. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून शेंकडा 28 व 22 सप्टेंबर 2025 पासून शेंकडा 40 वस्तु व सेवा कर. तो जिंकलेल्या रकमेवर नसून चकत्या घेण्यास भरलेल्या रकमेवर आहे. सबब खोलीचें भाडें, पेट्रोल आणि परतीचा खर्च हीं तिन्हीं निराळ्या पाकिटांत घालून हॉटेलांत ठेवावीं. हौसेपुरती रक्कमच धक्क्यावर न्यावी, व ती गेलीच असें समजावें.

गोव्यांतील रहिवाशांना फेब्रुवारी 2020 पासून या कॅसिनोंत खेळण्यास बंदी आहे. सरकारनें आपल्या माणसांस राखलें. पाहुण्यास राखणारा कोणी नाहीं. त्यानें स्वतःस राखावें. त्याकरितां हॉटेल असें निवडावें कीं, संध्याकाळपासून सकाळपर्यंत गाडीची किल्ली खोलींतच पडून राहिली, तरी कांहीं अडूं नये.