ऑनलाइन बाजारात आधी कोण येणार?

माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून विक्रेता नाही. नवं ॲप काढणारी आपली मुलं इथेच अडतात आणि घरची जमापुंजी जाहिरातीत जाते. उपाय आपल्या गडचिरोलीतच आहे. ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या; पण एका गावाच्या थोड्या मालासाठी व्यापारी कशाला येईल? म्हणून कोरची तालुक्यात गावं एकत्र आली. सरकारचं ई-नामही १४ एप्रिल २०१६ ला फक्त २१ बाजार समित्यांवर सुरू झालं. आज हजाराहून जास्त आहेत.

तेव्हा एकच वस्तू, एकच तालुका निवडा. आधी विक्रेते जोडा, सुरुवातीला कमिशन घेऊ नका, पहिल्या विक्रीचे पैसे त्याच दिवशी द्या. भरवसा बसला की गिऱ्हाईकही येतं.