मनाच्या दुखण्याची दखल

स्तनाच्या कर्करोगातून सुटका व्हावी म्हणून येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलून, मग केमोच्या डोसासाठी बार्शीची वाट धरणाऱ्या स्त्रीच्या शरीराची काळजी वाहणारी व्यवस्था या भागात बऱ्याच वर्षांपासून आहे. बार्शीतील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाशी निगडित असलेले, १९८७ साली सुरू झालेले कर्करोग-नोंदणीचे दप्तर हे देशाच्या ग्रामीण भागातील पहिले असून, शेजारच्या भूम-परंडा तालुक्यांतील गावेही त्यात येतात. परंतु गाठ किती सेंटिमीटरची, हे ज्या तत्परतेने लिहून घेतले जाते, त्या तत्परतेने ‘रात्री झोप लागते का?’ हे तिला सहसा कोणी विचारीत नाही.

घरची माणसे ‘धीर सोडू नको’ म्हणतात, ते मायेपोटीच. पण त्या शब्दांचे ओझे असे होते की, केस गळाले, छातीवरचा व्रण पाहून आरशासमोर उभे राहवेनासे झाले, नवऱ्याशी बोलणे तुटले, तरी रडण्याची मुभा ती स्वतःला देत नाही. भय वाटणे हा श्रद्धेचा अथवा धैर्याचा उणेपणा नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे.

मानसोपचाराची रीत गूढ नाही. काही डोस झाल्यावर अनेक रुग्णांना दवाखान्याचा वास येताच, औषध शिरेत जाण्यापूर्वीच, मळमळू लागते. कारण तो वास आणि ओकारी यांची सांगड मनाने घातलेली असते, आणि संथ श्वसन, स्नायू क्रमाक्रमाने शिथिल करणे, अशा साधनांनी ती सैल करता येते. पाठीत जराशी कळ आली की ‘गाठ परत आली’ असा निवाडा देऊन मोकळ्या होणाऱ्या मनाला समुपदेशक दटावीत नाही. पुरावा काय, तपासणी केव्हा, आणि तोवरचा दिवस कसा काढायचा, याचा विचार तो रुग्णेबरोबर बसून करतो.

रोग पसरलेल्या स्त्रियांना गटात मोकळेपणी बोलू दिल्याने त्यांचे आयुष्यही वाढते, असा निष्कर्ष अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये मांडला होता; २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अधिक मोठ्या अभ्यासात आयुष्यवाढ दिसली नाही, मात्र मनाचा क्लेश आणि वेदनेची जाणीव कमी झालेली दिसली. तेवढ्यासाठीही हा उपचार मिळालाच पाहिजे, आणि त्याहून अधिक आश्वासन कोणी देऊ नये.

नातेवाइकांनी पुढच्या तपासणीत झोप, भूक, भीती यांची गोष्ट डॉक्टरांजवळ आपण होऊन काढावी. मनासाठी गोळी सुरू करताना टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध चालू असल्यास अवश्य सांगावे, कारण पॅरॉक्सेटिनसारखी नैराश्यावरील काही औषधे त्याचा प्रभाव घटवू शकतात. समुपदेशनासाठी तालुक्याच्या गावी जाणे जमले नाही, तरी शासनाच्या ‘टेलि-मानस’ या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून, तेथे मराठीतून बोलता येते.