भोंग्याच्या गावचा संपादक

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनात आज नजरेत भरतो तो कोळसा आणि सिमेंट. जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा 1,320 मेगावॉटचा प्रकल्प आहे. शंभर वर्षांपूर्वी इथल्या मालात मान कापसाचा होता. सोलापूरची लाइन ब्रॉडगेज, विजापूर-गदगची मीटरगेज. त्यामुळे विजापूरकडचा माल होटगीत एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. माणसंही इथंच गाडी बदलत. कापसाच्या याच वाटेवरचं, कानडी, तेलुगू, मराठी, दखनी बोलणाऱ्यांचं सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं आणि झोपायचं.

या गिरणगावात कुर्बान हुसेन लिहू लागले. कामगारांचे पुढारी, ‘गझनफर’ पत्राचे संपादक आणि वय जेमतेम विशीचं. हिंदू-मुस्लिम एकी आणि कामगारांची संघटना हे त्यांचे विषय. आज असं म्हटलं की डोळ्यांपुढे सद्भावना फेरी येते. गिरणीत मात्र या एकीचा संबंध थेट पगाराशी होता. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती, आणि जॉबर आणणार आपल्या जातीची, आपल्या गावची माणसं. एका खात्यानं काम बंद ठेवलं आणि दुसरं चालू राहिलं, की संप बसलाच! 1928 चा मुंबईचा सहा महिन्यांचा गिरणी संप ताजा होता. तेव्हा एकी ही या संपादकाची भाबडी हौस नव्हती, रोकडा हिशेब होता.

छोट्या पत्रांसाठी 1930 साल वाईट. एप्रिलअखेर व्हाइसरॉय आयर्विननं वृत्तपत्रांवर वटहुकूम काढला. जामीन भरा, नाहीतर छापखाना बंद. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मेला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे पडले. जमावानं कोर्ट जाळलं. पुढचे काही दिवस शहरात सरकार नावालाही उरलं नाही. 12 मेला मार्शल लॉ आला, तो 30 जूनपर्यंत राहिला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिपाई उतरवायला लावत. राज्य टोपीला भ्यायलं, हे सोलापूरकर अजून मिटक्या मारत सांगतात.

या धामधुमीतल्या दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. अपिलांचा उपयोग झाला नाही. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फासावर चढवलं. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान: खटल्याची यादीच ‘गझनफर’चं म्हणणं खरं करणारी निघाली.

चार हुतात्मा चौकात दरवर्षी हार पडतात. तिथल्या भाषणांत ‘हुतात्मा’ शब्द वारंवार येतो, ‘संपादक’ क्वचित. मला हे खटकतं. फाशीनं कुर्बान हुसेन यांना मोठं केलं, पण त्याआधीच ते कामाला लागले होते. सोलापूरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांत मालकांच्या वडिलांशेजारी त्यांची एक तसबीर लावायला काय हरकत आहे?